डावी कड

कालिन्यात, चर्चच्या मागच्या गल्लीत
बस्त्याव मिरांडा टायर आधी डोळ्यांनी बघत नाही.
गाडी जॅकवर चढली, चाक मोकळं झालं
की तळहात फिरवतो, आतून बाहेर,
मग बाहेरून आत.
जाताना मऊ,
परतताना करवतीचे दाते.
मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवावा तसं.
"बघा तुम्ही," म्हणाला.
मी रुमाल शोधला. मग नुसताच हात लावला.

मागचे दोन अजून वर्षभर चालले असते,
पुढच्या उजव्याला नुकतीच सुरुवात.
डावा मात्र आतल्या कडेने गोटा,
तारा दिसायच्या बेतात,
आणि बाहेरच्या कडेला नक्षी जशीच्या तशी,
दुकानातून आज आणल्यासारखी.

मी म्हटलं, हवा कमी असेल.
हवा कमी तर दोन्ही कडा जातात, म्हणाला,
जास्त तर मधला पट्टा.
शॉकअप गेला तर जागोजागी खळगे.
हे चाक एकीकडे बघत
दुसरीकडे घासत चाललंय.
"टायर कुणाची कड घेत नाही, बाय.
झालं ते सांगतो."

हवेचं मला माहीतच होतं.
पपांनी एकतीस वर्षं विजेचे मीटर वाचले,
जिन्याखालच्या अंधारात, बॅटरी तोंडात धरून.
आकडा एकदाही चुकला नाही, हे तेच सांगतात.
निवृत्तीच्या पैशातली ही गाडी.
एक रविवार सोडून हवा, सकाळी, टायर थंड असताना.
आठ हजार किलोमीटरला पुढची चाकं मागे, मागची पुढे.
सगळं डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत.

बस्त्यावने बोट ठेवलं:
टायरच्या बाहेरच्या गालावर खरचटे,
जुन्यावर ताजे,
रिमचा ओठ चेपलेला.
"खड्डा एकदाच मारतो.
हे रोजचं. हळू, पण रोज.
फुटपाथच्या दगडाला चाक लागतं, टायरॉड वाकतो
केसभर. पुढचं काम रस्ता करतो."
मग हात पुसत, आवाज उतरवून,
"गाडी कोण चालवतं?"

मी सांगितलं.

"डावा डोळा तपासलाय का त्यांचा?"

कप्प्यातून वही काढली.
जानेवारीतल्या ओळी समासाला चिकटून.
मार्चमध्ये दोन बोटं आत.
जूनमध्ये डावीकडचं अर्धं पान कोरं
आणि उजव्या कडेला आकडे एकमेकांच्या अंगावर,
बत्तीस, बत्तीस, बत्तीस.
हवा बरोबर होती, शेवटपर्यंत.

घरी पपा म्हणाले,
त्या वळणावरचा दगडच पुढे आलाय,
पालिकेला कळवायला हवं.
आणि पेपर उघडला, आणि पान उलटलं नाही.

डॉक्टरबाईंनी तीन मशिनं लावून दोन तासांनी जे सांगितलं
ते बस्त्यावने अलाइनमेंटच्या पैशात सांगितलं होतं.
काचबिंदू. डावा बराच, उजवा थोडा.
गेलेलं येत नाही, म्हणाल्या,
राहिलेलं राखू.
थेंब, सकाळ-संध्याकाळ, वेळ न चुकवता.
पपांनी मान हलवली. देखभालीची भाषा त्यांना कळते.
चालायला किती किलोमीटर उरलेत, एवढंच विचारायचं राहिलं.

टायरॉड नवा बसला. पुढचे दोन्ही टायर नवे.
चाकं सरळ झाली तसं स्टिअरिंग हलकं लागतं,
इतकं, की पहिल्या दिवशी
मीच घाबरले.

आता ते माझ्या डावीकडे बसतात.
फुटपाथ त्यांच्या बाजूला येतो, त्यांना दिसत नाही,
तरी दगड जवळ आला की
गुडघ्यावरची बोटं घट्ट होतात.
मी उजवीकडे घेते. बोटं सुटतात.
आम्ही यावर बोलत नाही.

रविवारी खाली उतरतो, सातच्या आत.
चाकापाशी उकिडवे बसतात, गुडघा कटकन वाजतो,
गेज उजव्या डोळ्याला जवळजवळ टेकवून
थांबतात,
मीटर वाचताना थांबत असतील तसे.
"बत्तीस," म्हणतात. "लिही."
मी वही मांडीवर घेते.

"समासाला धरून लिही."